चालल्यावर दुखणारा दात

आमच्या आबांच्या छातीत कळ आली तेव्हा ती चार शेतांपलीकडं ऐकू गेली. मी हे वाढवून सांगत नाही. कालव्याच्या पलीकडं वांगी तोडणाऱ्या बाया पाट्या टाकून आमच्या बांधावर पळत आल्या होत्या. त्यांना वाटलं, कुणीतरी विहिरीत पडलं.

कन्हेरीच्या शिवारात आमचं तीन एकर माळवं होतं. मेथी, वांगी, गवार, जे हंगामाला येईल ते बारामतीच्या बाजारात जायचं. घरात माणसं तीन. आबा म्हणजे माझे वडील, त्यांची थोरली बहीण म्हणजे माझी आत्या, आणि मी. आई मला आठवत नाही. आत्या लग्नानंतर चार वर्षांत कपाळ पुसून भावाच्या घरी परत आली आणि मला तिनं वाढवलं. मी तेव्हा बावीस-तेवीसचा. बारामतीला मॅट्रिक झालो, नोकरी धरली नाही, चळवळीत पडलो. इंदापूरच्या खालच्या अंगाला पाच-पाच कोस डॉक्टर नाही, तिथं सरकारी दवाखाना झाला पाहिजे म्हणून आम्ही चार पोरं पत्रकं छापून गावोगाव वाटत होतो. आबा मला पुढारी म्हणायचे. कौतुकानं नव्हे.

तर त्या दिवशी, थंडीत, सकाळी दहाच्या सुमाराला आबा वाफ्यांना पाणी देत होते. हातातलं खोरं पडलं. दोन्ही पंजे छातीवर दाबून ते चिखलात बसले आणि "मेलो गं आक्का!" म्हणून जी आरोळी ठोकली तिच्याबद्दलच वर लिहिलं. मी धावलो आणि "आबा, आबा" करत उभा राहिलो. भाषणात मी सरकारला जाब विचारायचो, इथं मला बैल सोडायचंही सुचलं नाही. आत्यानं आबांना काखेत धरून बांधावर आणलं, बैल सोडून आणले, गाडी तिनं जुंपली आणि मला म्हणाली, "पुढारी, चढ आता. बापाला धर."

बारामतीपर्यंत आबा ओरडत होते. "छातीवर म्हैस बसलीया! आक्का, उठीव तिला!" वाटेत लोक थांबून बघायचे, बाजूला व्हायचे, आमच्या बैलांना वाट मिळायची. ओरडण्याचा तो एक फायदा मी स्वतः पाहिला आहे.

डॉक्टर चांगला माणूस. सुई टोचली, तीन दिवस ठेवून घेतलं, म्हणाले, हृदयाचं आहे, आता दीड महिना पाठ अंथरुणाला. उठायचं नाही, ओझं नाही, राग नाही. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडं वही घेऊन बसलो. म्हटलं, डॉक्टरसाहेब, हे लोकांना माहीत पाहिजे, मी छापतो. त्यांनी कामातून वेळ काढून सांगितलं. छातीच्या मधोमध दाबल्यासारखी कळ, डाव्या हातात उतरते, घाम फुटतो, जीव घाबरा होतो. मी भराभरा लिहीत होतो. मी उठायला लागलो तेव्हा ते म्हणाले, "हेही लिहा. सगळ्यांना सारखं दुखत नाही. कुणाला खांद्यात दुखतं, कुणाला पोटात, कुणाला जबड्यात. चाललं की दुखतं, बसलं की राहतं. म्हणजे दुखायचं थांबतं. आणि एखाद्याला दुखतच नाही, तेव्हा आम्हीही फसतो."

मी लिहिलं. माझ्याच अक्षरात आहे. वही अजून माझ्याकडं आहे.

छापखाना बारामतीतच, एका बोळात. तिथं खिळे जुळवणारे एक उतारवयाचे गृहस्थ होते. एकेक शिशाचं अक्षर उचलून ओळ लावायची, हे त्यांचं काम. माझी वही हातात धरून ते म्हणाले, "पुढारी, कागद अर्धा ताव आणि मजकूर पोथीएवढा. दोन ओळी काढा, न्हायतर अक्षर बारीक करतो."

"बारीक नको. म्हाताऱ्यांना दिसत नाही."

"मग काढा दोन ओळी."

मी वर "उठा! गाडी जुंपा!" असा मथळा दिला होता, तो जाड अक्षरात हवाच होता. खाली दवाखान्याची मागणी, ती तर कामाचीच. मधे उरल्या त्या डॉक्टरांच्या शेवटच्या ओळी. मी त्या वाचल्या. कुणाला इथं, कुणाला तिथं, कुणाला नाहीच. मला त्या मिळमिळीत वाटल्या. आम्हाला चळवळीत शिकवलं होतं की पत्रकात 'पण' आला की वाचणारा कागद खिशात घालून घरी जातो. ठोक लिहा. एक लक्षण, एक हुकूम. मी पेन्सिलीनं दोन्ही ओळींवर काट मारली. त्याला वेळ किती लागला? चहाचा कप निवला नव्हता.

आबा दीड महिना अंथरुणावर होते आणि त्या दीड महिन्यात ते गावचे हृदयाचे जाणकार झाले. लोक बघायला यायचे. आबा उशीला टेकून सांगायचे. म्हैस पहिल्या आठवड्यात साधी होती, दुसऱ्या आठवड्यात गाभण झाली. मी माझं पत्रक त्यांच्या उशाला ठेवलं होतं. आबा वाचता येत असूनही मलाच वाचायला लावायचे आणि प्रत्येक वाक्याला, "बराब्बर. असंच झालं मला," म्हणायचे. ज्याच्या-त्याच्या छातीत जरा काही झालं की तो आबांकडं यायचा. आबा विचारायचे, "म्हैस बसल्यावानी वाटतंय का?" न्हाय म्हणाला की, "मग वारा धरलाय. ओवा खा."

आत्या या दीड महिन्यात काय करत होती? पाणी तिनं दिलं. खुरपण तिनं केलं. माळव्याची पाटी डोक्यावर घेऊन बाजार तिनं केला. मी? मी लोकांसाठी वणवण करत होतो. हे मी आज लाजेनं लिहितो, तेव्हा ताठ मानेनं चालत होतो.

आमच्या शेतातून सडकेला लागायचं तर कालव्याचा भराव चढून जावं लागतं. दहा-पंधरा पावलांची चढण. होळीच्या आधी कधीतरी आत्या त्या चढणीला थांबायला लागली. वर गेली की पाटी उतरवायची, डाव्या हातानं जबडा धरायचा आणि खाली बसायचं. तंबाखूची एक चिमूट चघळून होईल इतका वेळ. मग उठायचं. बाजाराला निघालेल्या बाया खोळंबायच्या आणि चेष्टा करायच्या.

"आक्का, दाताला इसावा द्या, मग निघू."

"अगं हिचा दात पायात हाय. चालली की दुखतोय, बसली की गप."

"चप्पल घाल गं दाताला!"

आत्यासुद्धा हसायची, जबडा धरूनच. मीही हसलो आहे. पुन्हा सांगतो, बायांनी ते शब्दन् शब्द बोलून दाखवलं होतं. चालली की दुखतं, बसली की राहतं. सगळ्या गावानं त्यावर विनोद केला आणि डॉक्टरकडून तेच ऐकून आलेला एकटा मी, तोही त्यात होतो.

आत्यानं मिश्री बंद केली. बायका भाजलेल्या तंबाखूची पूड दाताला लावतात, तीच सवय तिला होती. सगळ्यांनी ठरवलं की मिश्रीनं हिरडी खाल्ली. लवंग धरून झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या. शेवटी एका संध्याकाळी आबांनी तिला ओसरीवर समोर बसवलं आणि तपासलं.

"घाम येतोय का?"

"पाटी घिऊन चढल्यावर कुणाला येत न्हाय?"

"हात दुखतोय?"

"दोन्ही दुखत्यात. खुरपण कुणाच्या हातानं झालं?"

"छातीवर म्हैस?"

"म्हैस न्हाय, रेडकू बी न्हाय," आत्या म्हणाली. "नुसता दात दुखतोय रं बाबा. तुझ्यावानी काय न्हाय."

आबांनी माझ्याकडं बघितलं, "वाच रं तुझा कागुद." मी वाचला. आत्या शांतपणे ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "ह्यात दात न्हाय की."

"नाही," मी म्हटलं. "म्हणजे तुझं दाताचंच आहे."

मी म्हटलं हे. दुसऱ्या कुणी नाही.

एकाच आईच्या पोटची दोन माणसं. एकाला काटा रुतला तर घर डोक्यावर घ्यायचा. दुसरीचं बोट विळ्यानं कापलं तेव्हा तिनं पदराची चिंधी फाडून बांधली आणि वाफा पुरा केला, ते रक्त मी जेवताना भाकरीवर बघितलं. मी तिच्या त्या सोसण्याची गोष्ट सभांत सांगायचो. आमच्या माताभगिनी किती सोशिक! टाळ्या पडायच्या. तिला कमी दुखायचं की ती कमी सांगायची, हे मी कधी विचारलं नाही. मला ते आजही माहीत नाही, आणि आता कळायचा रस्ता नाही.

गुरुवारी बारामतीच्या बाजारात एक दात काढणारा बसायचा. पुढं फडकं, त्यावर काढलेल्या दातांचा ढीग, हीच त्याची नावाची पाटी. आत्यानं पाटीतलं माळवं विकून संपवलं आणि मला म्हणाली, "आज काढूनच टाकू. तू हाईस तवर." मी तिचं डोकं माझ्या पोटाशी घट्ट धरलं. त्यानं विचारलं, कुठला. आत्यानं डावीकडं खाली बोट दाखवलं. बोट नेमकं कुठल्याच दातावर नव्हतं, सगळ्या जबड्यावरून फिरत होतं. त्यानं चिमट्यानं दोन-तीन दातांवर टकटक केली.

"ह्यो?"

"त्यो न्हाय."

"मग ह्यो?"

"आता दुखत न्हाय. बसलेय ना मी."

तो वैतागला. त्याच्या पुढं आणखी गिऱ्हाईक होतं. त्यानं एक दाढ धरली आणि पक्कड फिरवली. आत्याच्या अंगाला एक हिसका बसला, माझ्या हातात तो कळला. तोंडातून आवाज नाही. तो माणूस दाढ उन्हात धरून बघत राहिला आणि म्हणाला, "बाई दगडाची हाय. आन् दात तर निरोगी दिसतोय." मग ती ढिगावर टाकायला गेला. आत्यानं त्याचा हात धरला, दाढ मागून घेतली, तंबाखूच्या चंचीत ठेवली. "माझी हाय," म्हणाली.

परत येताना भरावावर ती थांबली. मला वाटलं, दाढ काढल्याचं दुखतंय. साहजिकच आहे, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी इंदापूरकडं निघालो. पाठीला पत्रकांचा गठ्ठा. आठ-दहा दिवस त्या भागात हिंडलो आणि शेवटी नरसिंहपूरला पोचलो, भीमा-नीरेच्या संगमावर. देवळाच्या पायऱ्यांवर उभा राहून मी पत्रक वाचलं. नारळवाले, देवाला आलेली मंडळी, चार-दोन शेतकरी जमले. मी बोलायला वाईट नाही. "छातीत कळ आली तर उठा! गाडी जुंपा!" असं म्हणून हात वर केला. खालच्या पायरीवर धुणं पिळत असलेली एक म्हातारी म्हणाली, "ए लेका, परत वाच."

मी परत वाचलं.

"ह्यात हनुवटी कुठाय?"

"हनुवटीचा काय संबंध, आजी?"

"माझ्या मालकाला छातीत काय बी न्हाय झालं. ह्या पायऱ्या चढला की हनुवटी धरून बसायचा. आमी म्हणायचो थंडी भरलीया. एक दिस असाच बसला, त्यो बसलाच." तिनं लुगडं झटकलं. "तिथं. तू हुबा हाईस तिथंच."

लोक माझ्याकडं बघायला लागले. मी सभा हातची जाऊ देणाऱ्यातला नव्हतो. मी म्हणालो, "आजी, ते दुसरं काही असेल. हे डॉक्टरनं सांगितलेलं आहे."

"आसंल," म्हातारी म्हणाली. "मेला पर त्यो."

मी पुढचा परिच्छेद वाचला. 

त्या दिवशी संध्याकाळी कळायला हवं होतं, पण माणूस स्वतःचं छापलेलं खरं मानतो. कळलं दुसऱ्या दिवशी दुपारी, लासुर्ण्याला. बारामतीच्या मोटारीची वाट बघत झाडाखाली बसलो होतो. समोरून उसाच्या गाड्या कारखान्याकडं चालल्या होत्या. एक गाडीवाला चढणीला खाली उतरला, बैलांना हात लावला, वर जाऊन थांबला आणि बैलांना दम घेऊ दिला. मी ते बघत होतो. दम खाल्ल्यावर बैल आपणच निघाले. आणि एकदम माझे हात वहीकडं गेले. पानं उलटताना फाटली. ती ओळ होती. काट मारलेली, तरी स्वच्छ वाचता येणारी. कुणाला जबड्यात. चाललं की दुखतं, बसलं की राहतं.

मोटार तासाभरानं आली, ती गच्च भरलेली. मी दारात लोंबकळायला लागलो तर कंडक्टर म्हणाला, "पुढारी, कायदा तुमीच शिकवता आमाला!" मी त्याच्या हातापाया पडलो. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या पडलो असेन. त्यानं आत ढकललं. मोटार प्रत्येक फाट्यावर थांबत होती. एक बाई कोंबडी घेऊन चढली, कोंबडी सुटली, ती धरेपर्यंत मोटार उभी. लोक हसत होते. मी दात खाऊन उभा होतो आणि मला दुसरं काही करता येत नव्हतं.

आत्या जिवंत होती. गवार तोडत होती. मी घाम पुसत तिच्यासमोर उभा राहिलो.

"आलास? कसं काय झालं तुझं भाषान?"

"आत्या, दात कसा आहे?"

ती जरा विचारात पडली. "दात न्हाय की आता. पर दुखतंय तितंच. दात काढला त्या मोकळ्या जागंत दुखतंय." आणि ती हसली. "लबाड निघाला बघ मेला, जाताना दुखणं हितंच ठिऊन गेला."

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता बारामतीला चल. आबा ओसरीवरून उठले. मी वही दाखवली. ते वाचायला लागले, हळूहळू, बोट फिरवत. वाचून झाल्यावर म्हणाले, "पर तिला म्हैस न्हाय." मग थोड्या वेळानं, "सकाळी गाडी जायाचीच हाय. गवार भरायची हाय. त्यातच जाऊ."

मी भांडलो. जेवढं सरकारशी भांडत होतो त्याच्या दुप्पट भांडलो. शेवटी आत्याच म्हणाली, "गवार राह्यली तर वाळंल. माझं काय, बसले की राहतंय."  आबा ओरडत होते तेव्हा गाडीत नुसते आबा होते. आत्या गेली ती दुसऱ्या दिवशी, गवारीच्या पोत्यांवर बसून. आणि बारामतीत गाडी आधी बाजारात गेली. आधी गवार उतरली, मग आत्या. हे मी विसरणार नाही आणि कुणाला विसरू देणार नाही, स्वतःलाही नाही.

डॉक्टरांनी तिला दोनच प्रश्न विचारले. चालल्यावर? व्हय. बसल्यावर राहतं? व्हय की. मग बराच वेळ छातीला नळी लावून ऐकलं. नंतर तोंड उघडायला लावलं आणि त्या खाचेकडं बघत म्हणाले, "ही दाढ कुणी काढली?"

"बाजारात," मी म्हणालो. "मी डोकं धरलं होतं."

 टेबलाच्या काचेखाली माझं पत्रक होतं. त्यांनी ठेवलं होतं. माझी नजर गेली तशी त्यांचीही गेली. "मला वाटलं होतं," ते म्हणाले, "ते शेवटचंही छापाल."

मला शिवी चालली असती.

बाहेर येऊन मी विचारलं, बरं होईल ना? ते म्हणाले, जिभेखाली धरायची गोळी देतो, दुखेल तेव्हा धरायची. बाकी दीड महिना झोपवून ठेवा. "एवढंच?" "माझ्याकडं एवढंच आहे. पुण्याला न्याल तर यंत्रावर कागदाची पट्टी काढतील आणि मग तेही झोपवूनच ठेवतील." होळीच्या आधी आणलं असतं तर? "तर होळीच्या आधी झोपवलं असतं." ते चष्मा पुसत होते. मला त्यांचा राग करता आला असता तर बरं झालं असतं.

दीड महिना. आत्या झोपली नऊ दिवस.

आबांचं दुखणं सगळ्या गावानं कानांनी ऐकलं होतं. ते दीड महिना लोळले, कुणी शब्द काढला नाही. आत्याचं दुखणं कुणी ऐकलं नव्हतं आणि झोपलं की तिला ते होतही नव्हतं. आमच्याकडं अंथरूण धरायला दुखणं दाखवावं लागतं. शेजारची बाई दारातून डोकवायची, "आक्का, तब्येत चांगली तुकतुकीत झालीया की!" एवढंच म्हणायची, बिचारी वाईट हेतूनं नाही. आत्याचा चेहरा उतरायचा. भाकरी आबा थापायचे. खरंच थापायचे, वाकड्यातिकड्या, एका अंगानं करपलेल्या. आत्या अंथरुणावरून बघायची आणि तोंड फिरवायची. मी तिला बजावायचो, उठायचं नाही. ती म्हणायची, "आरं पर दुखत न्हाय तर झोपू कशी? लबाडी केल्यावानी वाटतंय."

लबाडी! जन्मभर राबलेली बाई नऊ दिवस पडून होती आणि तिला ती चोरी वाटत होती. याच्यावर कुठल्या कचेरीवर मोर्चा न्यायचा?

दहाव्या दिवशी ती उठून ओसरीवर बसली. मी ओरडलो तर म्हणाली, "बसूनच हाय ना? मेथी निवडते. मेथीला काय दम लागतोय?" मला ते पटलं. दुपारची वेळ. ती मेथीची पेंढी सोडून बसली, मी तिच्यापासून दोन हातांवर, नवं पत्रक लिहीत. यात जबडा घालायचा होता, खांदा घालायचा होता. आबा आत पडले होते. मी एक वाक्य लिहायचो आणि तिला वाचून दाखवायचो, कारण तिला समजलं की गावाला समजेल. "आत्या, 'जबडा' लिहू का 'हनुवटी'?" ती म्हणाली, "दोन्ही लिव्ह." मी लिहिलं. पुढचं वाक्य जरा मोठं होतं. लिहून वाचलं. ती काही बोलली नाही. मला वाटलं ऐकतेय. मी आणखी एक वाक्य वाचलं.

ती भिंतीला टेकून बसली होती. हातात मेथीची काडी होती, अर्धी खुडलेली. गोळी पदराच्या गाठीत बांधलेली, तशीच होती. गाठीला हात गेला नव्हता. जबड्यालाही नाही.

दोन हातांवर मी होतो. कानानं धड, डोळ्यानं धड.

तेराव्यानंतर आबा एकदा मला म्हणाले, "तिला शेवटाला दुखलं आसंल का रं?" जाणकार माणूस, म्हशीवाला.  त्यांनी परत विचारलं नाही, आणि त्यानंतर कुणी ओसरीवर छाती धरून आला तर त्याला ते सरळ म्हणायचे, डॉक्टरकडं जा. म्हशीचं नाव त्यांनी सोडलं.

आत्याची चंची मी माझ्याजवळ ठेवली. त्यात दाढ आहे. पांढरी स्वच्छ, कुठंही कीड नाही.

नंतर मी नवा मजकूर घेऊन छापखान्यात गेलो. मथळा लहान केला होता. चालताना दुखतं आणि बसल्यावर राहतं, मग ते छातीत दुखो, हातात, जबड्यात, खांद्यात, डॉक्टरला दाखवा, असं लिहिलं होतं. खिळे जुळवणाऱ्या गृहस्थांनी कागद डोळ्यांजवळ धरून सगळा वाचला. त्यांना आत्याचं कळलं होतं. ते म्हणाले, "ह्यो बरा हाय. जागा करतो मी, अक्षर बी मोठंच ठेवतो." ओळ लावायची पट्टी हातात घेतली, शिशाची अक्षरं उचलायला लागले. माझा मजकूर ते ओठांतल्या ओठांत म्हणत होते. शेवटच्या ओळीला थांबले. मी तिथं डॉक्टरांचं वाक्य जसंच्या तसं घातलं होतं, की एखाद्याला दुखतच नाही.

"फुडं?" ते म्हणाले.

"पुढं काही नाही."

"आसं कसं? ज्याला दुखतंच न्हाय त्यानं काय करायचं, ते लिवलं न्हाय तुमी."

माझ्या हातात पेन्सिल होती. त्यांच्या हातात पट्टी. ते वाट बघत होते, घाई न करता. त्या दोन ओळींपुरती जागा त्यांनी खरोखरच मोकळी ठेवली होती.